पोटाखालचं नाव

कलासंकुलात तुम्ही लावलेली पाटी खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे भिंतीला भोक पाडायच्या आधीच तुम्हाला माहीत होतं. नकळत झालं असं म्हणू नका. तुमचं माणूस सक्करदऱ्याला येऊन गेलं होतं. लाकडाच्या भुशात बसून चहा पिऊन गेलं होतं. बैल कोण घडवतंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, वर त्याचे फोटो काढून गेलं होतं. तरी पाटीवर तुम्ही भलत्याचं नाव लिहिलंत. आता सगळं पहिल्यापासून ऐका. त्या दिवशी तुमच्या थंडगार खोलीत तुम्ही अर्धंच ऐकलंत आणि मान हलवत बसलात.

सक्करदऱ्याच्या तलावामागे एका गल्लीत वामनरावांचं टिनाचं दुकान आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात पोरं लाकडाचा बैल सजवून मैदानात नेतात आणि मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. त्यातले कितीतरी बैल वामनरावांच्या हातचे. साठ वर्षांत त्यांनी दारं केली, पलंग केले, शाळेचे बाक केले, पण धंदा काय म्हणून विचारलं तर एकच सांगायचे, "मी बैलाचा सुतार." मग हाताला कंप सुटला. पटाशी धरली की ती लाकडावर नुसती टकटक वाजायची. त्या साली अर्धवट राहिलेले बैल त्यांच्या मुलीनं, मयुरानं, पुरे केले. तेव्हा ती तीस वर्षांची होती. शाळेतली क्लार्कची नोकरी तिनं त्याच दिवाळीत सोडली. लोक म्हणाले, बाई सुतारकाम करणार, किती दिवस टिकते बघू. अकरा वर्षं झाली.

पहिली दोन-तीन वर्षं तिनं बापासारखेच बैल केले. उभे, चाकांवरचे, लाल-पिवळ्या रंगाचे, शिंगांना बेगड लावलेले. बाजारात तोवर फायबरचे बैल आले होते, पोटात दिवे लुकलुकणारे. त्यांच्याशी टक्कर द्यायला आजूबाजूचे सुतार आणखी भडक रंग लावू लागले. मयुरानं उलटं सुरू केलं. आधी रंग सोडला. मग झूल कोरणं सोडलं. मग एके दिवशी तिनं पाडकामातून आलेल्या जुन्या सागवानी तुळईचा तुकडा घेतला आणि त्यातून बसलेला बैल काढला. पाय पोटाखाली घेतलेला, मान किंचित वळलेली, रवंथ करणारा. कुठे सांधा नाही, खिळा नाही. डोळे म्हणजे नुसते दोन दाबलेले खळगे, मिटल्यासारखे. पाठीवर काचकागद घासला नाही. पटाशीचे बारीक टवके तसेच ठेवले आणि वर जवसाचं तेल मुरवलं. हात फिरवला की तळव्याला जनावराच्या कातडीसारखं लागायचं.

वामनरावांनी चारी बाजूंनी पाहिलं.

"चाकं कुटी हायेत?"

"नाही लावली."

"बिनचाकाचा बैल कोनतं पोट्टं ओढन वं?"

"ओढू नये म्हणूनच तर बसवला, बाबा. दिवसभर राबून आला तो."

"आन् आता आमी राबाव," म्हातारा म्हणाला, आणि चहाचा कप त्याच बैलाच्या पाठीवर ठेवून पीत बसला. पुढं तीच त्यांची जागा झाली. वशिंडाला टेकून बसायचे. हाताचा कंप तिथं बसल्यावर कमी होतो असं म्हणायचे. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

स्वानंद दुकानात आला तो त्याच्या कुठल्याशा पुतळ्याखाली ठेवायला लाकडी चौथरा करून घ्यायला. नागपुरात त्याचं शिल्पकार म्हणून नाव होतं. मुंबई-दिल्लीत प्रदर्शनं झालेली. दाढी नीट राखलेली, खादीचा कुर्ता, बोलणं मऊ. चौथऱ्याचं माप सांगता सांगता तो थांबला. वामनरावांच्या पाठीमागं बसलेल्या बैलाकडं पाहत राहिला. मग चप्पल काढून आत आला, खाली बसला आणि त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"हे कोणी केलं, काका?"

"पोरीनं. चाकं लावाले विसरली."

स्वानंद हसला नाही. "ताई, हे काय आहे माहीत आहे का तुम्हाला?"

"बैल आहे," मयुरा म्हणाली. "तुम्हाले काय वाटलं?"

त्या दिवसापासून तो येऊ लागला. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. भुशात मांडी घालून बसायचा. कुसुमताईंच्या, म्हणजे मयुराच्या आईच्या, हातची ज्वारीची भाकर आणि झुणका खायचा. वामनरावांना काका, तिला ताई. हातात पटाशी त्यानं कधी धरली नाही. म्हणायचा, माझा हात मातीचा, लाकडाचा नाही. पण प्रश्न चिक्कार विचारायचा. हीच बाजू का वर घेतली, गाठ आली की काय करता, थांबायचं कसं कळतं. मयुराला आयुष्यात कोणी हे विचारलं नव्हतं. ती आधी लाजायची, मग सांगू लागली, मग त्याच्या येण्याची वाट पाहू लागली. यात दुसरं काही नव्हतं. आपल्या कामाकडं बघणारा माणूस मिळाला, एवढंच होतं. आणि ते फार होतं.

असंच एकदा तिनं त्याला नावाची रीत सांगितली. बैल दुकानातून निघताना त्याच्या पोटाखाली, ज्या घरी तो चालला त्या घराचं नाव कोरायचं. मैदानात शंभर बैल जमतात, पोरं खेळण्यात विसरतात, संध्याकाळी कोणाचा कोणता कळत नाही. मग उलटा करायचा आणि नाव वाचायचं. सुताराचं नाव मात्र बैलावर कुठंच घालायचं नाही.

"काहून?" स्वानंदनं विचारलं. नागपूरचाच होता, कधीमधी सुटायचं तोंडातून.

उत्तर वामनरावांनी दिलं. "सुताराचं नाव दिसलं तं पोट्टं म्हनन, बैल सुताराचा हाय, मले दोन दिवस खेळाले देला. बैल ज्याच्या घरी गेला त्याचा. आपला हात सुटला का आपलं नाव सुटलं."

"किती सुंदर आहे हे," स्वानंद म्हणाला. खिशातून वही काढून त्यानं ते लिहूनही घेतलं. म्हणजे त्याला रीत माहीत होती. हे नीट ध्यानात ठेवा.

मग तुमचं कलासंकुल आलं. मिहानकडं जाताना लागतं ते, काचेचं आणि करड्या सिमेंटचं. त्याच्या मधल्या दालनासाठी काहीतरी 'इथल्या मातीतलं' हवं होतं तुम्हाला. स्वानंद दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता.

"ताई, अकरा बैल. बसलेले. असेच, रंग नाही, काही नाही. समितीशी मी बोललोय."

"माह्या नावानं बोलले का?"

"मग कोणाच्या? तुम्ही फक्त काम करा. कागदपत्रांचं मी बघतो, त्यात तुम्ही अडकू नका."

ती अडकली नाही. हीच तिची चूक म्हणा. कागद त्याच्याकडं राहिला आणि लाकूड तिच्याकडं.

चौदा महिने लागले. पाडकामावर फिरून तिनं स्वतः तुळया निवडल्या. प्रत्येक लाकूड वेगळं, म्हणून प्रत्येक बैल वेगळा. एकाची मान जड, एकाचं वशिंड एका अंगाला कललेलं; एक म्हातारा, नुसता बरगड्यांचा. सातव्या बैलाच्या कुशीत तुळईचं जुनं भोक आलं. स्वानंद म्हणाला बुजवून टाका. तिनं बुजवलं नाही. ते भोक तिनं कुशीच्या खोलगट सावलीत असं घेतलं की शोधूनही सापडू नये, पण बोट मात्र बरोबर तिथं जावं. आणि एक अट घातली: बैल चौथऱ्यावर चढवायचे नाहीत, जमिनीवरच बसवायचे. बसलेलं जनावर जमिनीवरच बसतं.

मधे तुमच्या चिन्मयी मॅडम पाहणीला आल्या. दुकानातला पंखा बंद करायला लावला, भुसा डोळ्यात जातो म्हणून. मयुरा नवव्या बैलाच्या मानेवर काम करत होती. मॅडमनी तिच्या हातांचे फोटो काढले. "तुम्ही करत राहा, कॅमेऱ्याकडं बघू नका," म्हणाल्या. तिनं कशाला बघितलं असतं, तिचं लक्ष मानेत होतं. कुसुमताईंनी चहा दिला. मॅडमनी कप धुऊन देऊ का विचारलं. अशा चांगल्या वळणाच्या.

बैल न्यायचा दिवस आला. ट्रक गल्लीच्या तोंडाशी उभा. वामनराव नेहमीच्या जागी नव्हते, कारण त्यांची टेकायची जागाच अकरावा बैल म्हणून चालली होती. तो पहिलावहिला बैलही मयुरानं संचात घातला होता. म्हातारा भिंतीला टेकून म्हणाला, "नाव कोरलं का पोटाखाली? कोनाच्या घरी जाऊन राहिले हे?"

मयुरानं स्वानंदकडं पाहिलं. "काय टाकू? संकुलाचं नाव लंबंचौडं आहे, मावनार नाही."

स्वानंदनं क्षणभर विचार केला. नुसता क्षणभर. मग म्हणाला, "ताई, आता महिनाभर माझ्या स्टुडिओतच राहणार आहेत. माझंच टाका ना. मला बरं वाटेल."

तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट आनंदच झाला. ज्यानं तिच्या कामाला आधी ओळखलं त्याच्या घरी बैल चाललेत, मग नाव त्याचंच हवं. तिनं बारीक पटाशी काढली. पंचवीस-पंचवीस किलोचा एकेक बैल स्वानंदनं आपल्या हातानं उलटा धरला, आणि तिनं अकराच्या अकरा पोटांखाली कोरलं: स्वानंद. घाई केली नाही. डोक्यावरचा अनुस्वार गोल यावा म्हणून श्वास रोखून धरला. तो वरून बघत होता. बैल हलू नये म्हणून त्यानं घट्ट धरलं होतं.

त्या माणसाच्या मनात तेव्हा काय चाललं होतं कोण जाणे. पण एकदाही त्याचा हात थरथरला नाही. थरथरणारे हात त्या दुकानात एकाचेच होते.

उद्घाटनाचं बोलावणं आलं नाही. मयुराला वाटलं, राहिलं असेल, मोठ्या लोकांच्या गडबडीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव पेपर घेऊन अंगणात आले. चष्मा कपाळावर, चेहरा खुललेला.

"मयुरे, आपले बैल छापून आले वं."

अर्ध्या पानाचा फोटो. दालनात जमिनीवर बसलेले बैल. खाली नाव: स्वानंद.

"त्याचं नाव काहून आहे?" कुसुमताईंनी विचारलं.

"त्याच्या घरचे बैल हायेत, त्याचंच नाव राहीन," वामनराव म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. साठ वर्षांच्या रितीत वाढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार.

मयुरानं पेपर हातात घेतला आणि नावाच्या आधीचा शब्द वाचला. शिल्पकार. मग मुलाखत वाचली. 'मी तीन वर्षं या शांततेचा शोध घेत होतो.' 'कमीत कमी बोलणारं शिल्प मला हवं होतं.' 'सातव्या बैलाच्या कुशीतली पोकळी मी मुद्दाम राखली.'

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग पेपर नीट घडी करून बापाच्या हातात दिला आणि दुकानात जाऊन रिकाम्या जागेकडं बघत उभी राहिली. तिथं जमिनीवर तेलाचा डाग होता, बैलाच्या आकाराचा.

फोन केला तर स्वानंद म्हणाला, "ताई, फोनवर नको. आपण बसून बोलू." मग त्यानं फोन उचलणं बंद केलं.

ती स्कूटी काढून तुमच्या संकुलात गेली. तिकीट काढून आत शिरली. हेही लक्षात ठेवा, स्वतःचे बैल बघायला तिनं तिकीट काढलं. दालनात माणसं होती आणि बाहेर मोठ्यानं बोलणारी ती माणसं आत शिरताच आवाज खाली आणत होती. कोणी सांगितलं नव्हतं. एक कॉलेजची पोरगी उकिडवी बसून म्हाताऱ्या बैलाच्या तोंडाकडं बघत होती. एका जाड्या माणसानं मोबाइल काढला, वर धरला, आणि फोटो न काढताच परत खिशात ठेवला. झाडू मारणारी एक बाई कोपऱ्यातल्या बैलाजवळ सुक्या फडक्यानं धूळ टिपत होती. कपड्यावर नाव होतं: कौसल्या.

"ओलं फडकं नाही न लावत, मावशी?" मयुरानं विचारलं.

"नाही वं बाई. वल्लं लावाले मले सांगतलं होतं, म्या नाही लावलं. ह्याईले तेल पाजलं हाय, दिसत नाही का? पान्यानं मरतीन." मग हळूच म्हणाली, "मी दुपारचा डबा इथंच खातो, या मंधातल्याच्या बाजूले. कोनी नसते तवा. बरं वाटते. तू कोनती वं?"

"अशीच आली," मयुरा म्हणाली.

भिंतीवर पाटी होती. पाटीवर त्याचं नाव. खाली बारीक अक्षरात लाकडाची जात आणि साल. दारात वाटायला एक पुस्तिका होती, गुळगुळीत कागदाची. तिच्या चौथ्या पानावर मयुराचे हात होते. नवव्या बैलाच्या मानेवर, पटाशी धरलेले, अंगठ्यावरच्या जुन्या जखमेसकट. चेहरा कापलेला. खाली लिहिलं होतं: 'शिल्पकाराच्या कार्यशाळेत.'

दालनात आलेल्या चिन्मयी मॅडमनी तिला ओळखलं. ओळखलं हे त्यांच्या चेहऱ्यावर आधी आलं, मग त्यांनी तो चेहरा बदलला.

"मॅडम, हे हात माहे आहेत."

"हो, हो, खूप सुंदर फोटो आलाय तो."

"तुम्ही आल्या होत्या न दुकानात. मी करून राहिली होती तेव्हा. पंखा बंद करा म्हनाल्या."

"हे बघा ताई, मी प्रक्रिया बघायला आले होते. संकल्पना कोणाची हे आम्ही कागदावरून ठरवतो. आणि..." त्या थांबल्या, मग जरा मायेनंच म्हणाल्या, "प्रत्येक शिल्पावर त्यांची सही आहे, कोरलेली. आम्ही नोंद करताना पाहिली."

"ती सही नाही. ते मी कोरलं. ते घराचं नाव असते."

"तुम्ही कोरलं?"

"मी."

"त्यांचं नाव?"

"हो."

मॅडमनी तिच्याकडं असं पाहिलं की आता यापुढं काय बोलायचं. "अर्ज द्या," म्हणाल्या. "समितीपुढं ठेवते."

अर्ज दिला. तीन आठवड्यांनी बुधवारी दुपारी बोलावलं तुम्ही. मयुरा बापाला घेऊन आली. वामनरावांनी धुतलेली टोपी घातली होती. टेबलाच्या एका बाजूला तुमचे अध्यक्ष, दोन सदस्य, चिन्मयी मॅडम. दुसऱ्या बाजूला स्वानंद. तो उठला, वामनरावांच्या पाया पडला आणि त्यांना खुर्ची ओढून दिली. म्हाताऱ्यानं सवयीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मयुराला ते पाहवलं नाही.

स्वानंद चांगला बोलला. शिकलेला माणूस, बोलणारच. "ताईंच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण त्या बैल करत होत्या. ते शिल्प आहे हे मी पाहिलं. मी पाहिलं नसतं तर आज त्यांच्यावर कोणी चहाचे कप ठेवत असतं. आज जगभर असंच चालतं. विचार कलावंताचा असतो, हात कोणाचेही असू शकतात."

"कोनाचेही?" मयुरा म्हणाली. "मंग दुसऱ्या कोनाच्या हातानं एक करून आना, स्वानंदभाऊ. आम्ही थांबतो."

एक सदस्य हसला. हे हसण्यासारखं नव्हतं.

"तुम्ही पाहिलं म्हनता," ती पुढं म्हणाली. "रंग मी काढला तेव्हा तुम्ही नव्हते. चाकं काढली तेव्हा नव्हते. तुम्ही आले तेव्हा बैल बसून होता आमच्या दुकानात, बाबा टेकून बसले होते त्याले. तुम्ही पाहिला, हे खरं. पन मी तो बिनपाहता केला का? आंधळी आहे का मी? आन् सातव्याचं भोक. बुजवा म्हनत होते न तुम्ही? पेपरात मुद्दाम राखलं म्हनून सांगितलं. माह्याकडं बघून सांगा ते एकदा."

स्वानंदनं तिच्याकडं बघितलं नाही. टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यानं थोडा उजवीकडं सरकवला, मग पुन्हा होता तिथं आणला.

"मुद्दा नावाचा आहे," तुमचे अध्यक्ष म्हणाले. गोरेपान, पांढरे केस, आवाजात अगत्य. "ते नाव तुम्हीच कोरलं, हे तुम्हालाही मान्य आहे. मग आम्ही काय समजायचं?"

मयुरानं रीत सांगितली. सगळी. मैदान, शंभर बैल, घराचं नाव. स्वानंदनं ती वहीत लिहून घेतली होती हेही सांगितलं. अध्यक्षांनी वहीबद्दल स्वानंदला विचारलं. तो म्हणाला, मी खूप काही लिहितो, नक्की आठवत नाही.

मग अध्यक्ष वामनरावांकडं वळले. "काका, तुम्ही साठ वर्षं बैल केले. तुमच्या कामावर कधी स्वतःचं नाव घातलं?"

"नाई जी."

"एकदाही नाही?"

"एकबी नाई. आमच्यात घालत नसतेत."

"कधी वाटलं नाही, घालावं?"

"नाई वाटलं."

अध्यक्षांनी हात पसरले, जणू म्हाताऱ्यानंच निकाल दिला. "बघा ताई. तुमच्या वडलांनाही नावाचा मोह नव्हता. हीच तर आपल्या कारागिरांची थोरवी. आता तुम्हाला ते का हवं? तरी आमचं मन मोठं आहे. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत 'स्थानिक कारागिरांच्या साहाय्यानं' असं छापू."

वामनराव मुलीकडं पाहू लागले. आपण खरं बोललो आणि त्या खऱ्यानंच काहीतरी मोडलं, एवढं त्यांना कळलं. काय मोडलं ते कळत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"मी काई चुकीचं बोललो का वं?"

"नाही, बाबा. तुम्ही बरोबर बोलले."

"आमी नाव घातलं नाई, साहेब," म्हातारा टेबलाकडं तोंड करून म्हणाला. "पन आमच्या बैलाले 'म्या केला' असं बी कोनी म्हनलं नाई. ज्याच्या घरी गेला त्यानंबी नाई. पोट्टे म्हनत, वामनबुवाकडून आनला."

कोणी ते लिहून घेतलं नाही.

अध्यक्षांना वाटलं, आता जरा गोड बोलून उठावं. ते मागं रेलले. "काका, मनाला लावून घेऊ नका. मीही इथल्या महाल भागातलाच आहे. आमच्याही घरी तान्ह्या पोळ्याचा बैल आहे, शंभर वर्षांचा असेल. अजून दरवर्षी पूजा करतो आम्ही. पोटाखाली आजोबांचं नाव आहे. नातवाला मी उलटा करून दाखवतो, बघ, आपल्या खापरपणज्यांचं नाव."

मयुरा उठली. तिनं आवाज चढवला नाही.

"काय करत होते, साहेब, तुमचे आजोबा?"

"वकील होते. का?"

"लाकडाचं काम येत होतं का त्याईले?"

अध्यक्ष हसायला लागले आणि मधेच थांबले. चिन्मयी मॅडमनी पेन खाली ठेवलं. स्वानंद खिडकीच्या काचेकडं बघू लागला.

"ताई, आता पुढची बैठक आहे," अध्यक्ष कागद गोळा करत म्हणाले. "निर्णय लेखी कळवू."

"लेखी कळवा. पन हे तोंडानं सांगा." तिनं उठू लागलेल्या बापाला खांद्यावर दाबून खुर्चीत बसवून ठेवलं आणि स्वतः टेबलासमोर उभी राहिली. "त्या बैलाच्या पोटाखाली तुमच्या आजोबांचं नाव आहे. मंग तो बैल तुमच्या आजोबांनी केला का? हो की नाही, एवढंच. आम्हाले घाई नाही, साहेब. बोला."